चार नंबरच्या कड्याचा पहिला कौल

आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कमेंटमध्ये कुणी मला शहाणपण शिकवायला नको. मी संख्याशास्त्राची बाई आहे. एम.एस्सी. केलंय, आणि तेही अशा काळात जेव्हा आमच्या आष्ट्यात मुलगी मॅट्रिक झाली की पाहुण्यांची रीघ लागायची. भूत, भानामती, अंगात येणं, नजर लागणं... यातल्या कशावरही माझा तेव्हा विश्वास नव्हता आणि आज सत्तरी ओलांडली तरी नाही. या ग्रुपवर लोक लिहितात, "माझाही विश्वास नव्हता, पण त्या दिवसापासून बसला." माझं तसं काही झालेलं नाही. त्या दिवसानंतरही बसलेला नाही. फक्त एक गोष्ट आहे जी मला आजतागायत सुटलेली नाही, आणि न सुटलेलं गणित झाकून ठेवणं माझ्या स्वभावात नाही. म्हणून लिहितेय.

हे घडलं तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी पंचवीस-सव्वीस वर्षांची, लग्न न झालेली (घरच्यांच्या भाषेत 'राहिलेली'), सांगलीत एका खाण कंपनीच्या ऑफिसात नोकरीला. कंपनीचं नाव लिहिणार नाही. कंपनी आता नाही, पण त्या लोकांची मुलं-नातवंडं सांगलीतच आहेत आणि मला भाजी आणायला बाजारात जायचं असतं. ऑफिस मार्केट यार्डाच्या बाजूला होतं. सीझनमध्ये खिडकी उघडली की टेबलावरच्या कागदांवर हळदीची पिवळी धूळ बसायची.

खाण मात्र लांब होती. शिराळ्याच्या पलीकडं, जिथं सांगली जिल्हा संपून साताऱ्याचा पाटण तालुका सुरू होतो, त्या डोंगरांत एक मोठा सडा आहे. सडा म्हणजे डोंगराचा सपाट माथा... झाड नाही, झुडूप नाही, नुसता तांबडा जांभा दगड. त्या जांभ्याच्या पोटात बॉक्साइट सापडतं, ज्याचं ॲल्युमिनियम होतं. सुरुंगाचे बार काढले की दगड खाली पडायचा, आणि मग बायकांची टोळी तो हातानं निवडायची. चांगला माल एकीकडं, मातीमिश्रित दुसरीकडं. ज्या उभ्या भिंतीतून दगड काढतात तिला आम्ही ऑफिसवाले 'फेस' म्हणायचो, बायका 'कडा' म्हणायच्या. असे चार कडे होते. धोका सगळा बायकांना. दिवसभर त्या कड्याच्या पायथ्याशी बसून काम करायच्या, आणि कडा काय, सांगून ढासळत नाही.

माझा भाचा परवा मला समजावत होता की आता खाणींमध्ये ए.आय. आलंय, ते सांगतं कुठं खणायचं, कुठं धोका आहे, माणसांनी फक्त निर्णय घ्यायचा. मी म्हटलं, बाळा, तुझ्या जन्माआधी मी हेच करत होते, पुठ्ठ्याच्या, भोकं पाडलेल्या पंच कार्डांवर. त्याला वाटलं आत्या गंमत करतेय.

गंमत नव्हती. कंपनीनं पुण्यातल्या एका संस्थेच्या कॉम्प्युटरवर आठवड्याला थोडा वेळ भाड्यानं घेतला होता, आणि मला सांगितलं होतं की कुठला कडा चालू ठेवायचा नि कुठला बंद, हे ठरवायला मदत होईल असं काहीतरी तयार करा. "काहीतरी" एवढीच ऑर्डर. मी सरळ सड्यावर गेले आणि ढाणे हवालदारासमोर वही घेऊन बसले. ढाणे फौजेतून रिटायर होऊन आलेला, सुरुंगाच्या कामात मुरलेला, आणि तोंडानं भलता बढाईखोर. पहिला दिवस असा गेला:

"हवालदार, कडा धोक्याचा आहे हे तुम्हाला कशावरून कळतं?"

"बगितल्यावर कळतंय."

"काय बघितल्यावर?"

"कडा बगितल्यावर, दुसरं काय? तुमी तर लय शिकल्यासा म्हनं."

पण मी चिकट आहे. महिना-दोन महिने मी त्याला सोडलं नाही. माथ्यावर भेग गेलीय का, ती वाढतेय का. पायथ्याला पांढरट चिकणमाती दिसतेय का. पाणी पाझरतंय का. लोखंडी पहार मारल्यावर दगड 'ठण' वाजतो की पोकळ 'भद' वाजतो. असे सगळे त्याचे ठोकताळे मी काढून घेतले आणि प्रत्येकाला मार्क दिले. कॉम्प्युटरनं त्या आठवड्याची रीडिंग घ्यायची, मार्कांची बेरीज करायची, बेरीज ठरलेल्या हद्दीच्या पुढं गेली की 'स्टॉप' छापायचं, नाही गेली तर 'वर्क'. संपला विषय. यात भूत शिरायला जागाच नव्हती. सगळी कार्डं माझ्या हातची होती.

आता सड्यावरच्या लोकांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सड्याच्या काठावर कडजाईचं ठाणं आहे. चौथरा, शेंदूर लावलेला पाषाण, वर छप्पर नाही. नवा कडा उघडायचा तर आधी गुरवाला बोलावून कौल लावायचा, ही तिथली रीत. फुलाच्या दोन कळ्या ओल्या करून पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी आधी पडली की होकार, डावी पडली की नकार. आणि यात एक कडक नियम असा की एका गोष्टीचा कौल एकदाच. मनासारखा आला नाही म्हणून परत लावायचा नाही. परत लावलेल्याला कौल म्हणतच नाहीत.

मला वाटलं होतं, माझं मशीन आलं की हे लोक चिडतील. कसलं काय! त्यांनी मशीनलाही त्याच रीतीत बसवून टाकलं. दर सोमवारी मी पुण्याहून आलेला छापील कागद घेऊन जीपनं वर जायचे, टोळीची मुकादमीण हौसाबाई सगळ्या बायकांना गोळा करायची आणि मी मोठ्यानं वाचायचे. याला त्या 'पुण्याचा कौल' म्हणायच्या. वर्क म्हणजे उजवा, स्टॉप म्हणजे डावा. एकदा तर कुणीतरी कागदाला हळदकुंकू लावलं होतं. मी फार वैतागले. हौसाबाई म्हणाली, "आवं बाई, वाईट काय केलं का? तुमच्या कागदाला मान दिला." हौसाबाई पन्नाशीची, काटक, आवाज असा की सड्याच्या या टोकावरून त्या टोकाला हाक जायची. मी तिला मावशी म्हणायचे. ती मला कधी तुम्ही, कधी तू.

बरेच महिने हे सुरळीत चाललं. मशीन बरोबर सांगायचं, म्हणजे ढाणे हवालदार जे सांगेल तेच सांगायचं, फक्त बढाया वगळून.

मग तो आठवडा आला. उन्हाळ्याचे दिवस, पाऊस लांब. नेहमीप्रमाणे रीडिंग घेऊन मी पुण्याला गेले, कार्डं पंच केली, आणि मशीनवरचा ऑपरेटर केळकर यानं ती चालवली. हा केळकर शांत माणूस, कामात चोख. कागद बाहेर आला. मी उभ्या-उभ्या वाचला. एक नंबर वर्क, दोन नंबर वर्क, तीन नंबर वर्क. चार नंबर: बेरीज हद्दीच्या पुष्कळ खाली. म्हणजे कडा उत्तम. आणि त्याच ओळीत पुढं छापलेलं — स्टॉप.

नीट समजून घ्या. बेरीज चुकली असती तर मी समजू शकले असते. बेरीज बरोबर होती, मी तिथंच हातानं करून पाहिली. ज्या बेरजेवर वर्क छापायला पाहिजे त्याच बेरजेपुढं त्याच कागदावर मशीननं स्टॉप छापलं होतं. माझ्या पूर्ण प्रोग्राममध्ये असं होऊ शकेल असा एकही रस्ता नव्हता. केळकरला दाखवलं. त्यानं चष्मा पुसला, परत पाहिलं, म्हणाला, "असं कसं होईल?" आम्ही कार्डं तपासली. सगळी जागच्या जागी. तीच कार्डं, तशीच, परत चालवली. या वेळी चार नंबर — वर्क.

केळकर म्हणाला, "मशीन आहे, एखादे वेळी होतं." मी विचारलं, "तुमच्याकडं याआधी कधी झालंय?" तो म्हणाला, "नाही."

दोन्ही कागद घेऊन मी सांगलीला आले. गाडीत बसून पूर्ण प्रोग्राम ओळ न् ओळ तपासला. काही नाही.

सोमवारी सकाळी मी दोन्ही कागद मॅनेजर इनामदारसाहेबांच्या टेबलावर ठेवले. इनामदार माणूस वाईट नव्हता, घाईतला होता. कारखान्याला चांगला माल तातडीनं पाहिजे होता आणि चांगला माल सगळा चार नंबरमध्ये होता. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे पहिला कागद चुकीचा, दुसरा बरोबर. असं लिहून द्या आणि सही करा, फाईलला लागेल."

मी म्हटलं, "पहिला चुकीचा आहे असं मी लिहून देणार नाही."

"अहो, तुम्हीच म्हणताय ना बेरीज हद्दीच्या खाली आहे?"

"हो. पण तो तसा का आला हे मला सापडलेलं नाही. ज्याचं कारण सापडलेलं नाही, त्याला चूक म्हणून सही करायला मी बांधलेली नाही."

इनामदार हसले. मोठा माणूस लहान मुलीकडं पाहून हसतो तसं. मग त्यांनी पहिला कागद उचलला आणि माझ्यासमोर फाडून कचऱ्याच्या टोपलीत टाकला. दुसरा माझ्या हातात दिला. "चला, वर जाऊ. हा वाचा." — म्हणून म्हणते, माझ्याकडं पुरावा नाही. कुणाला मी थापा मारतेय असं वाटत असेल तर खुशाल वाटू द्या.

सड्यापर्यंतचा रस्ता लांबचा. माझ्या डोक्यात एकच विचार चालू होता: मशीन एकदा विनाकारण खोटं बोलू शकतं, तर दुसऱ्यांदा ते खरंच बोललं कशावरून? दोन्ही उत्तरं एकाच तोंडातून आलेली. मग मी कशाच्या जोरावर एकाला खरं आणि दुसऱ्याला खोटं म्हणू? मला सोयीचं आहे म्हणून? खरं सांगायचं तर चार नंबरबद्दल माझ्याकडं उत्तरच नव्हतं. आणि उत्तर नसेल तर त्या कड्याखाली बायका बसवायच्या नाहीत, हे सांगायला मला ना मशीन पाहिजे होतं ना देव.

वर पोचलो तर टोळी जमलेली. इनामदार शेजारी उभे. मी कागद उघडला आणि वाचला, "एक, दोन, तीन नंबर — वर्क. चार नंबर दोनदा विचारला. पहिल्यांदा स्टॉप आला, दुसऱ्यांदा वर्क आला."

इनामदारांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. हौसाबाई पुढं आली.

"पयला काय आला म्हनलासा?"

"स्टॉप. डावा."

"मग संपलं की." ती बायकांकडं वळली. "आज चार नंबरला कुनी जायाचं न्हाई."

इनामदारांनी ढाणे हवालदाराला बोलावलं. म्हणाले, सगळ्यांसमोर कडा तपासा. ढाणे पहार घेऊन गेला. आम्ही लांब उभं राहून पाहिलं. त्यानं कड्याला खालपासून हात पुरेल तिथवर पहार मारली. प्रत्येक ठिकाणी ठण, ठण, ठण... आम्हालाही स्वच्छ ऐकू येत होतं. वर चढून माथा पाहून आला. भेग नाही. पायथा पाहिला. माती नाही, ओल नाही.

"साहेब, कडा ठणठणीत हाय," तो येऊन म्हणाला. "माज्या जबाबदारीवर बाया बसवा. मी फौजेत डोंगर फोडल्यात."

"ऐकलंत?" इनामदार हौसाबाईला म्हणाले.

"ऐकलं. हवालदारावर माजा इस्वास हाय. पन कौल डावा हाय."

इथं इनामदारांनी हुशारी केली. त्यांनी खालच्या वाडीतून गुरवाला आणवलं. "तुमची देवी सांगेल ते तरी ऐकाल ना?" मला हसू आवरेना. हेच साहेब मला नेहमी म्हणायचे, की मगदूमबाई, तुमच्या मशीनमुळं या अडाणी प्रथा बंद होतील. आता स्वतः चपला काढून कडजाईसमोर उभे!

गुरवानं कळ्या लावल्या. प्रश्न विचारला, "चार नंबरच्या कड्याखाली लेकी-बाळींनी बसावं का, आई?" थोड्या वेळानं एक कळी सुटली... उजवी.

देवीनं होकार दिला होता. हे लक्षात ठेवा, कारण पुढं जे लोक म्हणाले त्यात ही गोष्ट सोयीनं गाळली गेली. पहार म्हणत होती बसा. हवालदार म्हणत होता बसा. माझं मशीन दुसऱ्या खेपेला म्हणालं बसा. माझ्या हातानं केलेली बेरीज म्हणत होती बसा. आणि देवीही म्हणाली बसा. त्या सड्यावर 'बसू नका' म्हणणारी एकच गोष्ट होती, छापील कागदावरचा एक शब्द, आणि तो कागद सांगलीत टोपलीत फाटून पडला होता.

इनामदार म्हणाले, "झालं समाधान? चला कामाला."

हौसाबाई हलली नाही. "साहेब, ह्यो कौल न्हवं."

"कौल नव्हे? आत्ता तुमच्या डोळ्यांदेखत उजवी पडली!"

"पडली. पन ह्यो तिसऱ्यांदा इचारलासा. पयला पुन्यात झाला, तवा डावा आला. मनासारका न्हाई आला म्हनून परत इचारला, त्यो न्हाई. मग आईला इचारला, त्यो बी न्हाई."

"अगं बाई, पुण्यात काय देव आहे का? मशीन आहे ते!"

"आत काय बसलंय ते तुमी बगा. कितींदा इचारलं ते मी बगती."

इनामदारांनी गुरवाकडं पाहिलं. गुरव बिचारा कानकोंडा झाला. कळ्या गोळा करत पुटपुटला, "तसं रीतीनं बगायला गेलं तर बाई म्हनती ते बराबर हाय..."

मग साहेब माझ्यावर घसरले. "मगदूमबाई, तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्हाला तरी हे पटतंय? सांगा त्यांना."

मी सांगितलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "साहेब, मला कौल पटत नाही. देवी पटत नाही. आणि आज माझं मशीनही पटत नाही. चार नंबरचं उत्तर माझ्याकडं नाही. उत्तर मिळेपर्यंत तिथं माणूस बसणार नाही, हे माझं म्हणणं. मी लिहून देते, त्यावर मात्र सही करते."

"तुमची नोकरी जाईल."

"जाऊ दे."

हे मी धाडसानं म्हटलं नाही, रागानं म्हटलं. घरी वडील म्हणाले असते, मुलीला शिकवली ती चूक झाली. म्हणू देत.

इनामदारांनी ट्रक खाली पिटाळला. दुसऱ्या वाडीतून रोजानं माणसं आणायची, त्यांना इथल्या रीती-बिती माहीत नाहीत, तीच बसतील. झालं, आमच्या नकाराला काही अर्थच उरत नव्हता. आम्ही नाही बसलो तर दुसऱ्या बायका बसणार होत्या. हौसाबाईनं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं. मला वाटतं त्या दिवशी आम्हा दोघींना एकच गोष्ट एकदम सुचली.

चार नंबरला खाली उतरायला एकच रस्ता होता, ट्रक जाईल एवढा उतार. त्या उताराच्या तोंडाशी टोळी आडवी बसली. मी पण बसले, साडी आवरून, त्या तापलेल्या जांभ्यावर. रोज दुपारची भाकरी बायका चार नंबरच्याच कड्याखाली खायच्या, कारण दुपारी सावली तिथंच असायची. आज उन्हात सोडली. एकजण कुरकुरली, "कागदापायी जीव जायाची येळ आली." हौसाबाईनं तिला स्वतःचा पदर डोक्यावर दिला आणि म्हणाली, "गप खा." मला कुणीतरी भाकरीवर लाल चटणी दिली. लसूण घातलेली. आमच्या जैनाच्या घरात लसूण शिजत नाही. मी खाल्ली.

ढाणे हवालदार लांबून फेऱ्या मारत होता. त्याला अपमान वाटला होता. एकदा जवळ येऊन मला म्हणाला, "बाई, समदं माज्याकडनंच शिकलासा, आन माज्यावरच भरवसा न्हाई व्हय?"

मी म्हटलं, "हवालदार, तुमच्यावर आहे. पण आज तुमच्याहून मोठी एक शंका आहे माझ्याकडं."

त्याला ते कळलं नाही. खरं तर मलाही पुरतं कळलं नव्हतं.

ट्रक आला. मागं माणसं उभी, बायका, म्हातारे. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. आम्ही बसून. इनामदार ओरडले, "हळूहळू पुढं घे, उठतील आपोआप!" ट्रक हातभर पुढं आला. बोनेटची धग तोंडाला लागायला लागली. हौसाबाईनं ड्रायव्हरकडं मान वर करून पाहिलं. "घाल गड्या अंगावर. तुजी आई असंल आमच्यात एकांदी, बग." ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, चावी काढली आणि खाली उतरून बिडी पेटवली. इनामदार त्याला शिव्या देऊ लागले. तो म्हणाला, "साहेब, मी न्हाई चालवनार. तुमी चालवा."

इनामदार खरंच ट्रकच्या दाराशी गेले. पायरीवर एक पाय ठेवला...

आणि कडा आला.

फार मोठा आवाज झाला नाही. लोक म्हणतात डोंगर गरजला वगैरे, तसं काही नाही. आधी पोतं टेकल्यासारखा एक दबका आवाज, मग चार नंबरची ती अख्खी भिंत, जिच्यावर सकाळी पहार ठणठण वाजली होती, पायातून बसली आणि पुढं सांडली. तांबडी धूळ आमच्या अंगावर आली. बराच वेळ कुणाला काही दिसेना. धूळ खाली बसली तेव्हा जिथं बायका रोज भाकरी खायच्या ती जागा दिसतच नव्हती. ट्रकमधली एक म्हातारी मोठ्यानं रडायला लागली. इनामदारांचा पाय अजून पायरीवरच होता.

कुणालाही खरचटलं सुद्धा नाही.

कडा का पडला, याचं कारण नंतर सापडलं. कंपनीनं बाहेरून भूगर्भवाले आणले. कड्याच्या पोटात, मागच्या अंगाला, चिकणमातीचा थर आतल्या आत ओला होऊन सुटला होता. बाहेरून दिसणं शक्यच नव्हतं. पहारेलाही कळणं शक्य नव्हतं. ठीक आहे. माझं भांडण कड्याशी नाही. पण हे कुठल्याही रीडिंगमध्ये नव्हतं, कुठल्याही कार्डावर नव्हतं, कुणाच्याच डोक्यात नव्हतं. मग तो शब्द कुठून आला?

केळकरनं नंतर बराच विचार करून सांगितलं की मशीनच्या मेमरीत एखादा ठिपका क्षणभर उलटा झाला असेल, शून्याचा एक. शक्य आहे. मी नाकारत नाही. मी आधीचे सगळे आठवडे, सगळे कागद काढून बसले, बेरीज आणि शब्द ताडून पाहिले. एकदाही असं झालं नव्हतं. त्या एका आठवड्यात, चार ओळींतल्या त्या एका ओळीत झालं. योगायोग म्हणा, म्हणतात लोक. मी आयुष्यभर योगायोगाचंच गणित शिकवलंय, त्याची किंमत काढायला मला येते. हा एवढा स्वस्त नव्हता. पण म्हणून मी त्याच्या जागी दुसरं काही बसवणार नाही.

बाकीच्यांनी बसवलं. गुरवानं सांगायला सुरुवात केली की कडजाईच मशीनमधून बोलली. मी म्हटलं, अहो, तिनं तर उजवा दिला होता! तर म्हणाला, ती परीक्षा होती. इनामदारांचं ऐका — कंपनीच्या मोठ्या मीटिंगमध्ये त्यांनी भाषण केलं की आमच्या कॉम्प्युटर पद्धतीनं कितीतरी जीव वाचवले. कागद फाडल्याचं भाषणात नव्हतं. मला महिन्याभरात काढून टाकलं, कारण 'शिस्तभंग'. पुढं मी सांगलीत कॉलेजात शिकवलं आणि तिथंच रिटायर झाले. त्या नोकरीचं मला कधी वाईट वाटलं नाही.

वाईट याचं वाटायचं की देवीचं नाव झालं, मशीनचं नाव झालं, आणि त्या उन्हात बसलेल्या बायकांचं कुणी नावही घेतलं नाही. काही वर्षांनी शिराळ्याच्या बाजारात हौसाबाई भेटली. चहा प्यायला बसलो. मी हे सगळं तिच्यापुढं ओकले... केळकरचा ठिपका, गुरवाची परीक्षा, साहेबांचं भाषण. मी म्हटलं, "मावशी, मी सगळं तपासलं. मला अजून कारण सापडत नाही. तुला काय वाटतं, सांगितलं कुणी?"

तिनं बशीतला चहा संपवला, तोंड पुसलं.

"सांगनारं कुनी का असंना," ती म्हणाली. "आडवं बसलो ते आमी."